नाळ प्रकरणाची फाईल

पायलला सातवा महिना लागला त्या सोमवारी अतुलने घरात एक फाईल उघडली. खाकी पुठ्ठा, लाल फीत, वर पांढरा कागद डकवलेला आणि त्यावर ठळक अक्षरांत विषय: 'होणाऱ्या अपत्याच्या नाळेतील रक्त पेढीत जतन करण्याबाबत निर्णय घेणे.' आवक क्रमांक टाकला. जावक क्रमांकाची जागा मोकळी ठेवली, कारण अपत्य अजून यायचं होतं.

अतुल यवतमाळला 'कापूस परिस्थिती समन्वय व पाठपुरावा कक्ष' अशा भारदस्त नावाच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक होता. ती वर्षं सरकारी मदतीच्या पॅकेजांची होती. कापसाचं काही बिनसलं की वरून एक समिती यायची, मग त्या समितीने काय पाहिलं हे पाहायला दुसरी यायची. या समित्यांना खुर्च्या, चहा आणि इतिवृत्त पुरवणं हे कक्षाचं काम. अतुलने अशा बावीस समित्या मार्गी लावल्या होत्या. त्यांतला बोंडअळीवरचा अभ्यासगट तर इतका सखोल निघाला, की त्याचा अहवाल छापून आला तेव्हा लोकांनी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून चुलीत घातल्या होत्या आणि अळीचा प्रश्न त्यांच्याबरोबरच जळून गेला होता. तेव्हापासून समिती या गोष्टीवर अतुलची श्रद्धाच बसली. घरात निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा तो समितीशिवायही घेता येतो, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

विषय घरात शिरला तो डॉ. साधना यांच्या दवाखान्यातून. तिथल्या बाकावर कपिल नावाचा एक तरुण बसलेला असायचा. ऑगस्टच्या उकाड्यात टाय घालणारा यवतमाळातला बहुधा तो एकटाच. छातीवर 'सल्लागार' अशी पट्टी, मागे भिंतीवर कंपनीचं पोस्टर. पोस्टरवर एक गोरंपान बाळ कापसाच्या ढिगावर झोपलेलं होतं. तो कापूस इतका पांढरा आणि इतका कोरडा होता, की खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरलाही त्याला नावं ठेवता आली नसती.

कपिलने समजावून सांगितलं की नाळ आपण फेकून देतो, पण तिच्यातलं रक्त म्हणजे खजिना असतो. कंपनी ते गोळा करते, दक्षिणेतल्या एका शहरात नेते आणि शून्याच्या खाली एकशे शहाण्णव अंशांवर गोठवून ठेवते. पुढे त्या बाळाला ऐंशी आजारांपैकी कुठलाही झाला, तर ते कामी येईल. "आणि उद्या खरंच काही झालं, सर, आणि तेव्हा तुम्हाला आठवलं की पाच मिनिटांचं काम होतं..." एवढं बोलून तो थांबला. वाक्य पुरं करायची त्याची पद्धत नव्हती. उरलेलं वाक्य होणारे आईबाप घरी जाऊन स्वतःच पुरं करत.

त्याच दिवशी आत डॉ. साधनांनी पायलच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, तपासणीचा कागद पाहिला आणि सांगितलं की हिच्या अंगात रक्त फार कमी आहे. गोळ्या चालू करा, खाणंपिणं सांभाळा, आणि बाळंतपणाच्या आधी रक्त देणारी दोन माणसं नक्की करून ठेवा, आयत्या वेळी धावपळ नको. अतुलजवळ लिहायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने हे कपिलच्या माहितीपत्रकाच्या पाठीमागे लिहून घेतलं. कागद एकच होता. पुढे त्याच्या एका बाजूवर समिती बसली आणि दुसऱ्या बाजूवर चहाचे पेले ठेवले गेले.

समितीची रचना अशी होती. अध्यक्ष, अतुलचे वडील उकंडा, राळेगाव तालुक्यात कापूस आणि तूर पिकवणारे. सहअध्यक्ष, पायलचे वडील बापूजी, आर्णीला कृषी केंद्राचे मालक. हे दोघे एकमेकांचे इवाई, म्हणजे व्याही. एकाने जन्मभर बियाणं विकलेलं आणि दुसऱ्याने जन्मभर विकत घेतलेलं, त्यामुळे या नात्यात मोकळेपणा मुळातच बेताचा होता. तज्ज्ञ सदस्य, अतुलची आई मथुराबाई. गावाला दवाखाना नव्हता त्या काळात तिने शंभराच्या वर बाळंतपणं केली होती. तांत्रिक सल्लागार कपिल. सदस्य-सचिव अतुल. आणि पायल ही विशेष निमंत्रित, म्हणजे तिला बैठकीला बसता येईल, चहा करता येईल, फक्त मत देता येणार नाही.

"लेकरू कोनाच्या पोटात हाय, हे तरी लिवलं का फाईलीत?" पायलने विचारलं.

अतुलने पान उलटून दाखवलं. 'साठ्याचे सध्याचे ठिकाण' या रकान्यात तिचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं.

पहिली बैठक अतुलच्या माडीवरच्या भाड्याच्या खोलीत भरली आणि हद्दीच्या प्रश्नावर अडली. पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज, म्हणजे घटनास्थळ आर्णी. आपल्या घरात जे होईल ते आपल्या अखत्यारीत, असं बापूजींचं म्हणणं. उकंडाचं म्हणणं असं, की नाळ पुरायची असते ती बापाच्या घरामागे, न्हाणीजवळ. अतुलची तिथेच पुरली आहे, त्याच्या बापाचीही तिथेच आहे. मग नाळेतलं रक्त आर्णीचं कसं होईल? दुपारभर दोन्ही तालुके आपापल्या जागेवरून हलले नाहीत. शेवटी अतुलने तोडगा काढला. राळेगाव आणि आर्णी यांच्या मधोमध यवतमाळ आहे. बाळंतपण यवतमाळलाच व्हावं, मात्र तेवढ्या दिवसांपुरती अतुलची खोली ही बापूजींचं घर समजली जावी. इतिवृत्तात त्याने लिहिलं: 'माहेर (आर्णी), कॅम्प यवतमाळ.' दोन्ही अध्यक्षांना हे पटलं, कारण दोघांपैकी कोणीच पूर्ण जिंकलं नव्हतं.

कार्यक्रमपत्रिकेवर सात विषय होते. सातवा होता 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय', आणि त्याखाली अतुलने कंसात लिहून ठेवलं होतं: रक्तदाते दोन. पण तोवर आर्णीची शेवटची गाडी निघायला आली. वेळेअभावी सातवा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं.

दुसऱ्या बैठकीत उकंडाने कपिलला प्रश्न विचारले. उकंडाला नाळेबद्दल फार माहिती नव्हती, पण बियाण्याचं चकचकीत पाकीट घेऊन दारात येणाऱ्या माणसाला काय विचारायचं असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"फवारे किती लागतात?"

कपिलने हा प्रश्न याआधी ऐकला नव्हता. "फवारा लागतच नाही, काका."

उकंडाने हळूच बापूजींकडे मान वळवली. "आइकलं का, इवाई? तुमच्या दुकानात बी असंच सांगतलं होतं. फवारा लागतच नाही. मंग अळी आली, मंग लाल्या रोग आला."

"थे कंपनीनं सांगतलं होतं," बापूजी म्हणाले. "म्या फक्त पाकीट देल्लं."

मग उगवण किती टक्के हा प्रश्न निघाला. उगवायचं नाही, गोठवायचं आहे, असं कपिलने सांगितल्यावर उकंडाचा संशय आणखीच बळावला. गोठलेलं बी उगवल्याचं त्याने कुठे पाहिलं नव्हतं. पीक बुडालं तर तक्रार कुठे करायची, असंही त्याने विचारलं. वीस वर्षांनी ती पिशवी उघडली आणि आत काही निघालंच नाही, तर पंचनामा कोण करणार? याचं उत्तर बापूजींकडे होतं, कारण ते दर हंगामात गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते: टॅग, बिल आणि रिकामं पाकीट सांभाळून ठेवावं, आणि पाकिटातलं मूठभर बियाणं न पेरता राखून ठेवावं, म्हणजे तक्रारीच्या वेळी नमुना दाखवता येतो. दोन्ही अध्यक्षांचं एकमत झालेला हा समितीच्या इतिहासातला पहिला ठराव. नाळेच्या रक्तातलं थोडं रक्त, मूळ पिशवी आणि टॅगसह, नमुना म्हणून घरी ठेवून घ्यावं.

घरी एकशे शहाण्णव अंश खाली कसं जाणार, अशी शंका कपिलने काढली. उकंडा म्हणाला की ज्वारीच्या कोठीत खूप गार असतं. कपिलने बाहेर जाऊन मुख्य कार्यालयाला फोन लावला. पलीकडून ही अट विचारात घेतली जाईल असं उत्तर आलं. सरकारी असो की खाजगी, या उत्तराचा अर्थ अतुलला माहीत होता, आणि त्याने ठरावापुढे समाधानाने बरोबरची खूण केली. सातव्या विषयाला याही वेळी वेळ उरला नाही.

तिसऱ्या बैठकीपर्यंत कंपनीचा फॉर्म आला होता. तो चोवीस पानांचा होता. त्यात दोन्ही घराण्यांतले आजार, सवयी आणि रक्तगट भरायचे होते. कंपनीच्या खर्चाने सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं आणि एकोणिसाव्या पानावर निकाल आला, की उकंडा, बापूजी, अतुल आणि पायल या चौघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे. या बातमीने बैठकीत चैतन्य पसरलं. दोन इवायांमध्ये काहीतरी सारखं निघण्याची ही पहिलीच वेळ होती. बापूजींनी पेढे मागवले. म्हणजे रक्ताचं नातं आधीपासूनच होतं की, असं ते चार वेळा म्हणाले.

पेढे संपल्यावर तज्ज्ञ सदस्यांचं मत मागवण्यात आलं. मथुराबाई इतका वेळ भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. दाणे आणि गुळाचा खडा पायलच्या हातावर ठेवत होती आणि ती खाते की नाही ते पाहत होती.

"नाळ अशी झटकन कापाची नसते," ती म्हणाली. "लेकरू बाहीर आलं तरी नाळ धडधडत असते. हातात धरली की समजते. म्या तिची धडधड थांबेपर्यंत कधी पातं लावलं नाही. तोवर त्यातलं रगत लेकराच्या अंगात जाते. थे लेकराचंच हाय. थे काढून ब्यांकेत ठेवाचं कायले?"

कपिल आपला टाय सरळ करत राहिला. अतुलने अदबीने विचारलं की याला काही आधार आहे का, एखादा कागद, एखादं प्रमाणपत्र. मथुराबाईने आपले दोन्ही तळहात पुढे केले. ते पुरावा म्हणून फाईलला जोडता येण्यासारखे नव्हते. अतुलने लिहिलं: 'तज्ज्ञ सदस्यांचे मत तोंडी स्वरूपाचे असल्याने नोंदीपुरते घेतले.'

बैठक उठता उठता पायल खालून पाण्याची कळशी घेऊन वर येत होती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती थांबली आणि तिथेच बसली. कळशी तिने सांडू दिली नाही. मथुराबाई उठली, खाली जाऊन तिच्याजवळ बसली, अंगठ्याने तिची पापणी ओढून पाहिली. मग वर बघून लेकाला म्हणाली, "लेकराचं रगत ब्यांकेत ठेवून राह्यला तू. हिच्या अंगात रगत नाही, थे कोन ठेवून राह्यलं?"

"थो विषय सात नंबरवर हाय, माय," अतुल म्हणाला. "पुढच्या बैठकीत पह्यलं थेच घेऊ."

त्याला तसं खरंच वाटत होतं. फाईलवर असलेली गोष्ट झालेलीच असते, या विश्वासावर त्याची नऊ वर्षांची नोकरी उभी होती.

चौथी बैठक नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी भरली. शेतात वेचणी ऐन भरात होती, म्हणून उकंडा कुरकुरत आला. निर्णय मात्र झाला. अडीच महिने आणि चार बैठका यांच्यानंतर नाळेचं रक्त पेढीत ठेवण्यास सर्वानुमते, अटी व शर्तींसह, मंजुरी देण्यात आली. सह्या झाल्या. अतुलचा चेहरा उजळला. बावीस समित्यांमध्ये त्याने न पाहिलेली गोष्ट घडली होती: अहवाल घटनेच्या आधी तयार होता. आणि घड्याळात अजून वेळ शिल्लक होता. त्याने घसा खाकरला आणि समितीच्या इतिहासात प्रथमच वाचलं, "विषय क्रमांक सात."

पायल दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या पायाशी फरशी ओली झाली होती.

"अहो," ती म्हणाली, "फाईल बंद करा आन् ऑटो आना."

दिवस तीन आठवडे लवकर भरले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत पायलचा चेहरा पोस्टरवरच्या कापसासारखा झाला. तिला आत नेलं, मथुराबाई बाहेर बाकावर बसली, उकंडा आणि बापूजी भिंतीला पाठ लावून उभे राहिले. कपिल कंपनीचा डबा घेऊन धावत आला. दहा मिनिटांत डॉ. साधना बाहेर आल्या आणि त्यांनी एकच विचारलं, रक्ताची सोय झाली का.

"झाली, मॅडम," अतुल म्हणाला आणि त्याने कपिलच्या हातातला डबा दाखवला. शिवाय मंजुरीचं पान उघडून धरलं.

"हे नाही. पायलसाठी. रक्तपेढीत दोन पिशव्या आहेत, पण बदल्यात दोन माणसं लागतात. मी ऑगस्टमध्ये सांगितलं होतं."

डॉ. साधनांनी त्याच्या हातातली फाईल घेतली, पानं उलटली आणि तिला जोडलेल्या फॉर्मच्या एकोणिसाव्या पानावर थांबल्या. मग त्यांनी मान वर करून तिघांकडे पाहिलं. "कोणताही गट चाललाच असता. तुमचा तर तिघांचाही तिच्याच गटाचा आहे. दोघांनी चला."

बापूजींनी शुगर असल्याचं सांगितलं. गोळ्यांवर असेल तर चालतं, गोळी कोणती, असं डॉक्टरांनी विचारलं. बापूजींना गोळीचं नाव आठवेना, कारण शुगर त्यांच्या भावाला होती. उकंडा म्हणाला की वेचणी सुरू आहे, रक्त दिलं की माणूस कमजोर होतो, आणि कापूस काही थांबत नाही. हा माणूस आदल्याच संध्याकाळी मणभराचं गाठोडं डोक्यावर घेऊन बैलगाडीपर्यंत चालत गेला होता. एकदा त्याने गोठ्यात निघालेला नाग काठीने उचलून बाहेर टाकला होता. पण नागाला सुई नव्हती.

मग सगळे अतुलकडे बघू लागले. अतुल फाईलकडे बघू लागला. सदस्य-सचिवाने स्वतः काही द्यावं असं कुठल्याच नियमात नव्हतं. त्याने कपिलला विचारलं, की नाळेचं जे रक्त आता ठेवायचं आहे तेच पायलला दिलं तर? पेढीच आहे, म्हणजे काढता येत असेलच.

"सर, ते अर्धा पेलासुद्धा नसतं," कपिल म्हणाला. "आणि ते आजच्यासाठी नाही."

मग त्याने डबा बाकावर ठेवला, गळ्यातला टाय सोडला, नीट घडी करून खिशात घातला आणि बाही वर करत डॉक्टरांना म्हणाला, "एक माझं लिहा."

रक्तपेढी दोन गल्ल्या पलीकडे होती. अतुल त्याच्याबरोबर गेला, कारण दवाखान्यात थांबणं त्याला सोसेना. कपिलने खिशातून एक मळकं कार्ड काढलं. त्यावर अकरा तारखा होत्या. तो खाटेवर पडला, मूठ उघड-मीट करू लागला, आणि ऊन कसं आहे असं बोलावं तसं सांगू लागला की त्याला खुशी नावाची तीन वर्षांची मुलगी आहे.

"तिचं ठेवलं का तुमी, नाळेचं?" अतुलने विचारलं.

"नाही, सर."

"काहून? तुमाले तर कंपनीनं सवलत देल्ली असंल."

"देतात ना." कपिल छताकडे बघत होता. "पण मी माहितीपत्रक पूर्ण वाचलेलं आहे, सर. खालच्या बारीक अक्षरांसकट."

दुसरी खाट रिकामी होती. तिथल्या बाईंनी अतुलपुढे फॉर्म सरकवला. नाव, वय, वजन, सही. एकच पान होतं. अतुलला आधी वाटलं की उरलेली पानं कुठेतरी पडली असावीत. त्याने पाठीमागे उलटून पाहिलं, तिथे काहीच नव्हतं. समिती नव्हती, सहअध्यक्ष नव्हते, कुणाच्या परवानगीची ओळ नव्हती. आयुष्यात प्रथमच त्याच्यापुढे असा कागद आला होता, जो पुढे कुणाकडेच पाठवता येत नव्हता.

तो घाबरला होता, हे सांगायला हवं. सुईला घाबरला होताच, पण त्याहून जास्त त्या तिसऱ्या पायरीला. पायल कळशी सांभाळून बसली होती आणि त्याने वरून तिला विषयाचा क्रमांक सांगितला होता. खाटेवर पडल्यापडल्या त्याला त्या गोष्टीची इतकी लाज वाटली, की सुई कधी गेली ते कळलंच नाही. ती मरेल, असं त्याच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं. अडीच महिने ज्या विषयाला वेळ मिळाला नव्हता, त्याला दहा मिनिटं लागली. त्यानंतर बाईंनी त्याला एक बिस्किटाचा पुडा आणि चहा दिला. इतक्या वर्षांत समित्यांबरोबर घेतलेल्या हजारो चहांपैकी एकही त्याला इतका गोड लागला नव्हता.

दोन पिशव्या घेऊन ते परतले तेव्हा आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. पायलचं रक्त बरंच गेलं होतं. पहिली पिशवी लागलीच लावली, मग दुसरी. दुपार उतरेपर्यंत सगळे बाकावर बसून होते. चार वाजता डॉ. साधना बाहेर आल्या आणि आता धोका टळला म्हणाल्या. उकंडाने टोपी काढून डोळे पुसले. बापूजी तर भिंतीकडे तोंड करून रडले. दोघांनाही मनापासून वाईट वाटत होतं, यात शंका नाही. वाईट वाटायला सुई टोचून घ्यावी लागत नाही.

मग कपिलने भीत भीत आपल्या नाळेच्या रक्ताच्या पिशवीची चौकशी केली. डॉक्टरांनी ती आणून दिली. तळाशी जेमतेम दोन-तीन चमचे होते. त्या म्हणाल्या की बाळ लवकर आलेलं, वजनाने कमी, आईच्या अंगात रक्त नाही. अशा वेळी नाळ लगेच चिमटून पिशवी भरत बसणं मला पटलं नाही. मी तिची धडधड थांबेपर्यंत थांबले, आणि जे होतं ते बाळाला जाऊ दिलं.

मथुराबाईने फक्त अतुलकडे बघून आपले दोन तळहात पुन्हा पुढे केले.

कपिलने मुख्य कार्यालयाला फोन करून कळवलं. नमुना अपुरा असल्याने स्वीकारता येत नाही, असं उत्तर आलं. हे ऐकून उकंडाचा संताप अनावर झाला.

"खरेदीवर आमचा कापूस लय ओला म्हनून वापस करतात," तो म्हणाला, "आन् हे कमी ओलं म्हनून वापस करून राह्यले. मंग मान्सानं पिकवाचं तरी कसं?"

दवाखान्यात घडलेलं सगळं फाईलवर घेऊन अतुलने शेवटचं टिपण लिहिलं. ते कक्षात आजही उदाहरण म्हणून सांगतात. 'सदर रक्त कोणत्याही मध्यस्थाशिवाय, विनाकपात, मुदतीत, थेट लाभार्थीच्या अंगी जमा झाले. या कार्यालयाच्या संपूर्ण सेवाकाळात अशी ही पहिलीच घटना असल्याने पुढील कार्यपद्धतीबाबत मार्गदर्शन व्हावे.' मार्गदर्शन अजून आलेलं नाही. नाळेचा उरलेला तुकडा आठव्या दिवशी गळून पडला, तेव्हा तो कुठे पुरायचा यावर दोन्ही अध्यक्षांनी पाचवी बैठक मागितली. ती भरण्याआधीच मथुराबाईने तो भाड्याच्या खोलीमागच्या कडुनिंबाखाली पुरून टाकला. तिच्या कामांची इतिवृत्तं कधीच नसायची.

पुढे कक्षाच्या साहेबांनी ही फाईल वाचायला नेली. ती त्यांना फार आवडली. त्यांनी ती दुसऱ्या साहेबांना दिली, त्यांनी तिसऱ्यांना. आता ती जिल्हाभर फिरते आहे. ज्याच्या टेबलावर जाते तो पहिल्या पानापासून वाचतो, फवाऱ्यापाशी हसतो, कॅम्प यवतमाळपाशी हसतो, बापूजींच्या शुगरपाशी तर शेजारच्या टेबलवाल्याला बोलावून वाचून दाखवतो. समित्यांचं काही खरं नाही, असं दोघंही म्हणतात.

शेवटच्या पानावर अतुलने विषय क्रमांक सात पुन्हा लिहिला आहे. त्याखाली तीन रकान्यांचा एक तक्ता आखला आहे: नाव, रक्तगट, रक्त शेवटचे कधी दिले. पहिल्या ओळीत कपिल आहे, दुसऱ्या ओळीत स्वतः अतुल. तिसऱ्या ओळीत उकंडाच्या नावापुढे 'वेचणी झाल्यावर' असं आहे आणि चौथ्या ओळीत बापूजींच्या नावापुढे 'विचाराधीन.' पाचव्या ओळीपासून पान कोरं आहे. एवढे लोक वाचून गेले, हसून गेले, पण त्या ओळीपाशी आल्यावर प्रत्येकाला घड्याळ दिसलं आणि वेळेअभावी फाईल पुढे गेली.

तुम्हीही पहिल्या पानापासून इथपर्यंत वाचत आलाच आहात. पाचवी ओळ मोकळी आहे, आणि पेन फाईललाच सुतळीने बांधून ठेवलेलं आहे.